कोऱ्या पाठीचं कार्ड

मी एक खण बोलतोय. लाकडाचा, हातभर लांब, पितळी कडीचा. कार्डांच्या कपाटात आम्ही वीस भाऊ, त्यातला मी वरून दुसऱ्या ओळीतला. बाकीचे एकोणीस मजेत आहेत. माझ्यावर मात्र असं काही गुदरलं की अजून धड सुधरत नाही. सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

सुताराने आम्हाला कॉलेजच्या ग्रंथालयासाठी केलं आणि कपाट दारापेक्षा चार बोटं रुंद केलं. आत जाईना. मग काय, भांडण! तेव्हा कॉलेजात नुकत्याच लागलेल्या एक बाई जिन्यावरून उतरत होत्या. म्हणाल्या, "मला द्या. माझ्या खोलीचं दार दोन फळ्यांचं आहे." त्या दिवसापासून आम्ही बाईंचे; त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या घरी आलो.

बाईंचा विषय विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान. म्हणजे शोध कोणी लावला एवढंच नाही. त्याला तो खरा का वाटला, इतरांना का पटला, हेसुद्धा खोदत बसायचं. बाईंच्या नणंदबाई म्हणायच्या, "वहिनी, विज्ञानवाले तुला इतिहासवाली म्हणतात, इतिहासवाले विज्ञानवाली. तुझी पंगत कुठली गं?" बाई हसायच्या आणि नवं कार्ड काढायच्या.

कार्ड लिहायची त्यांची शिस्त होती. पोटावर, म्हणजे पुढच्या बाजूला, जुन्या माणसाचे शब्द, तिथल्या तिथे आपल्या भाषेत उतरवलेले. पाठीवर बाईंचा स्वतःचा विचार. विद्यार्थ्यांना ओरडून सांगायच्या, "त्याचं त्याला, आपलं आपल्याला! सरमिसळ केलीत तर याद राखा." माझ्या पोटात अशी नऊशे कार्डं होती. सगळी एकाच माणसाची: अडीचशे वर्षांपूर्वी तापमापकाच्या काचनळ्या फुंकणारा एक कारागीर. त्याने आपल्या फुटलेल्या, फसलेल्या नळ्यांची वही ठेवली होती.

त्या नऊशेंत एक कार्ड आमचा राजा. 'काचेला प्रश्न विचारण्याआधी काचेबद्दल प्रश्न विचारावा.' काय वाक्य आहे! बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं. मोजायच्या साधनालाच आधी तपासावं, हे तत्त्वज्ञांच्या आधी एका नळ्या फुंकणाऱ्याला सुचलं होतं, हा त्यांचा सिद्धान्त. पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. वाक्य पाठ्यपुस्तकात गेलं, विभागाच्या दारावर पितळी पाटीवर कोरलं गेलं. मूळ वही दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात, जीर्ण झाली म्हणून तीस वर्षं दुरुस्तीला बंद होती. सगळे बाईंच्या पुस्तकातूनच वाक्य उचलत. मी तर असा फुगलो होतो की उघडताना कुरकुरायचो.

बाईंचा एक विद्यार्थी होता. हळू वाचतो म्हणून त्याला सगळे गोगलगाय म्हणत. त्याचा प्रबंध त्याच वाक्यावर, आणि त्याच प्रबंधावर त्याला आता विभागात हंगामी नोकरी. वही दुरुस्त होऊन वाचकांना खुली झाली, तसा हा पहिल्या गाडीने गेला. आठ दिवसांनी दुपारचा आला तो चपला न काढताच आत. तोंड पांढरंफटक.

"बाई, ते वाक्य वहीत नाही."

"पान सत्तेचाळीस बघ."

"सगळी पानं बघितली. चार वेळा. सत्तेचाळिसाव्या पानावर 'नळी पुन्हा तडकली, कारण कळत नाही' इथे मजकूर संपतो. खाली कोरं आहे."

बाईंनी मला सर्रकन ओढलं. कार्ड काढलं. पोटावर वर तेच, 'नळी पुन्हा तडकली, कारण कळत नाही'. त्याच्याखाली, त्याच पेन्सिलीने, ते वाक्य. बाईंनी कार्ड उलटं केलं. पाठ कोरी.

अहो, नऊशे कार्डांत कोऱ्या पाठीचं तेवढं एकच! आणि तीस वर्षं ते माझ्या पोटात होतं. मला का नाही खटकलं? राजाची पाठ कोण बघतं!

 बाई पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "त्या दिवशी निरोप आला होता. मुलीला ताप, लगेच या. मी घाईत कार्ड उलटलंच नाही रे. हे मीच लिहिलंय."

 गोगलगायीने पाण्याचा पेला माझ्यावरूनच पुढे केला आणि निम्मं पाणी माझ्यातच सांडलं.

पुढच्या आठवड्यात बाईंचा सत्कार होता. आयुष्यभराच्या कामाचा, मोठ्या सभागृहात. त्यांचे यजमान निवृत्त इंजिनियर, शांत माणूस. तेसुद्धा म्हणाले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्तरी उलटली तुझी. कोण जातंय ती वही बघायला?"

"एक जण जाऊन आला ना."

"तो बोलणार नाही. त्याचीही भाकरी त्यावरच आहे."

"म्हणूनच मला बोलायला हवं. नाहीतर त्याला जन्मभर माझ्यासाठी खोटं वागावं लागेल."

"आणि खरं बोललीस तर त्याची नोकरी जाईल, त्याचं काय?"

 बाईंनी ते कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मला ढकलून बंद केलं. तुम्हाला सांगतो, मी हबकलोच. फाडणार! ज्या बाईंनी स्वल्पविराम चुकला म्हणून पोरांना परत पाठवलं, त्या पुरावा फाडणार! तीन दिवस मी त्या रिकाम्या फटीकडे बघत काढले.

चौथ्या दिवशी, सत्काराच्या सकाळी, बाई आल्या, कार्ड जागेवर ठेवलं आणि कपाटातून अख्खा मलाच उपसला. यजमानांना म्हणाल्या, "एकटं कार्ड नेलं तर म्हणतील, कालच लिहून आणलं. सगळ्या गोतावळ्यासकट नेते." आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.

सभागृह खच्चून भरलेलं. हार झाले, शाल झाली, अध्यक्षांनी तेच वाक्य म्हणून टाळ्या घेतल्या. मग बाई उठल्या. मला टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे वाक्य त्या कारागिराचं नाही. माझं आहे. चुकून त्याच्या तोंडी घातलं. माझ्या पुस्तकाचा पाया चुकीचा आहे."

आणि लोक हसले! खरंच सांगतो, खो खो हसले. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "बघा, केवढी ही नम्रता! बाई आपलं सगळं श्रेय नाकारताहेत!" पुन्हा टाळ्या. बाईंनी कार्ड उंच धरलं, पाठ दाखवली, दुसरी दहा कार्डं उलटून दाखवली. मागच्या रांगांना काय दिसणार, कपाळ! बाईंचा आवाज चिरकला. "अहो, थट्टा नाही ही!" टाळ्या चालूच. त्या बावरून मलाच घट्ट धरून उभ्या राहिल्या.

तेव्हा सातव्या रांगेतून गोगलगाय उठला. आयुष्यात पहिल्यांदा घाईने. "बाई खरं बोलताहेत," तो ओरडला. "मी मूळ वही वाचलीय. वाक्य तिथे नाही. माझा प्रबंधही चुकीचा आहे."

टाळ्या थांबल्या.  बाई म्हणाल्या, "खाली बस रे. चूक माझी आहे." तो बसला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगवत नाही. पुस्तक बाजारातून मागे घेतलं. पाटी उतरवली. गोगलगायीची नोकरी गेली. आता तो एका शाळेत गणित शिकवतो. बाईंना व्याख्यानाचं एकही बोलावणं येत नाही. चाळीस वर्षांचं काम, आणि शेजारीपाजारी विचारतात, "कॉपीची काही भानगड होती का हो?"

पण दर रविवारी तो येतो. मूळ वहीचे फोटो घेऊन दोघं टेबलाशी बसतात आणि माझ्यातलं एकेक कार्ड पडताळतात. सहाशे झाली. आणखी दोन चुका सापडल्या. बाईंनी त्या लाल शाईने लिहून ठेवल्या. परवा एक कार्ड निघालं. अगदी साधं: 'आज थंडी फार. बोटं वळत नाहीत, तरी तीन नळ्या केल्या.' फोटोशी अक्षर न् अक्षर जुळलं.

"हे त्याचंच आहे," बाई म्हणाल्या. पुन्हा वाचलं. "हे खरंच त्याचं आहे रे!" आणि बहात्तर वर्षांची ती बाई लहान मुलीसारखी रडली. गोगलगाय बिचारा कार्ड भिजू नये म्हणून ते वर धरून उभा राहिला.

वाचकहो, माझ्यात अजून तीनशे कार्डं आहेत. बाईंची नजर मंदावली आहे. तुम्हाला देवाला काही मागायचं असेल तर एवढंच मागा, की ती कार्डं संपेपर्यंत बाईंना दिसू दे.