बावन्नावा भाग

आमच्या घरात गिरणीमालकाचा खून वर्षातून दोनदा होतो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. गेली एकोणीस वर्षं त्यात खंड पडलेला नाही.

खून होतो एका जुन्या रहस्यमालिकेत. तिचे बावन्न भाग बाबांनी टीव्हीवर लागत असतानाच कॅसेटींवर उतरवून घेतले, मग कॅसेटींवरून डिस्कवर आणि डिस्कवरून पेनड्राइव्हवर आणले. मालिकेला नाव आहे, पण आमच्याकडे ते कुणी घेत नाही. रविवारी दुपारी जेवून हात पुसत बाबा म्हणतात, "चला, आपलं लावा," आणि मी रिमोट उचलतो. घरात माझं पद तेवढंच आहे, पण कायमस्वरूपी आहे.

'आपलं'मध्ये एकच खोट आहे. बावन्नाव्या भागात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, एकेकाकडे रोखून बघतो, म्हणतो, "खुनी या खोलीत आहे," आणि तिथून पुढे चाळीस मिनिटं टाय लावलेला एक माणूस वॉशिंग मशीन कसं वापरायचं ते समजावून सांगतो. तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळे गावाला होतो; कॅसेट आत्याकडे सोपवली होती आणि आम्ही बघायच्या आत तिनं चुकून त्याच कॅसेटवर ते उतरवून ठेवलं. बाबा तिच्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. ती चाळीस मिनिटंही आम्ही बघतो, कारण सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नाही असं आईचं म्हणणं. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत टायवाल्यालाच खुनी समजत होतो. वर्गातल्या एका मुलीला तसं सांगितलंही. तिनं महिनाभर घरात मशीन लावू दिलं नाही.

बाबांना मात्र खुनी कोण याची पहिल्या दिवसापासून खात्री होती. वकील. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शाफ्टला कान लावून तिसऱ्या मजल्यावरचं बेअरिंग गेलंय की चौथ्यावरचं, हे ते सांगतात आणि ते बरोबर असतं. त्यामुळे एखाद्या गोष्टीत आपण चुकू शकतो, ही शक्यता त्यांनी कधी फारशी तपासून बघितलेली नाही. "वकिलाचा आवाज ऐक," ते म्हणतात. "आत काहीतरी घासतंय."

यंदाच्या हिवाळ्यात खुनाला एक पाहुणा होता. ताईनं एक डेंटिस्ट पसंत केला होता. बाबांना तो नापसंत होता असं नाही. बाबांनी फक्त "बघू" म्हटलं होतं आणि हे बघणं शब्दशः होतं. बावन्न भाग, दर रविवारी पाच, असे अकरा रविवार त्याला आमच्याबरोबर बसायचं होतं. ताईनं बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की लग्न ती त्याच्याशीच करणार. पण हेही सांगितलं होतं की तोंड पाडून आलेला बाप तिला लग्नात नको. म्हणजे 'हो' हवा होता आणि तोही मनापासून. बाबांकडून मनापासून काही काढणं म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट हातानं ओढणं.

डेंटिस्ट दहा रविवार नीट बसला. मध्ये बोलला नाही. फोन बघितला नाही. चौदाव्या भागातलं स्वप्न सगळ्यांनाच कंटाळवाणं वाटतं, पण तेही त्यानं डोळे उघडे ठेवून पाहिलं. आई माझ्या कानात म्हणाली, "मुलगा चांगला आहे. नाहीतर तुझे काका. दुसऱ्या भागात घोरायला लागले होते."

अकराव्या रविवारी तो आला तो सरळ स्वयंपाकघरात. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यानं ताईपुढे धरला.

"बावन्नावा," तो म्हणाला. "अख्खा."

ताईच्या हातातली बशी हातातच राहिली. "कुठून आणलास?"

"माझा एक पेशंट त्या चॅनलच्या गोदामात कामाला होता. त्याच्या तोंडात हात असताना विचारलं. अशा वेळी माणूस नाही म्हणत नाही."

"तू बघितलास?"

"छे! तुमच्याबरोबर बघायचा म्हणून ठेवलाय. बाबा खूश होतील ना?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजकडे बघितलं.

"अरे बाबा," ती म्हणाली, "वकील नसला तर? एकोणीस वर्षं तो माणूस वकील वकील करतोय आणि तू त्याला खोटं पाडायला पेनड्राइव्ह घेऊन आलास?"

"पण खरं काय ते कळेल ना."

"हेच, हेच तुझं. दात किडला तर किडला म्हणून मोकळा." तिनं बशी ठेवली. "ऐक. शेवटी काहीही निघू दे. तू म्हणायचं, बाबा, तुमचंच पटतंय मला. एवढंच. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला, पण त्याला जमणार नाही हे फ्रिजलाही कळत होतं.

बाबांना पेनड्राइव्ह दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "लाव," ते मला म्हणाले.

इन्स्पेक्टर म्हणाला, "खुनी या खोलीत आहे." सवयीनं आम्ही सगळे टायची वाट बघत होतो. पण इन्स्पेक्टर चालत राहिला. मोलकरणीसमोरून गेला. पुतण्यासमोरून गेला. एकोणीस वर्षांत तो एवढं कधीच चालला नव्हता. शेवटी थांबला आणि त्यानं बोट दाखवलं.

वकील.

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात वर केले नाहीत की ओरडले नाहीत. फक्त घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघितलं आणि ते बघणं कुणाला चुकवता आलं नाही. आईनं "बरं बरं, बसा आता" म्हटलं. ताईनं सोडलेला श्वास मला इकडे लागला. काम झालं होतं. डेंटिस्टनं शेवट आणला होता आणि शेवट बाबांचा होता. आता त्यानं एक वाक्य म्हणायचं होतं, तेही पाठ करून दिलेलं.

पडद्यावर वकील खून कबूल करून हसत होता. पकडला गेल्यावर तो जबडा उघडून हसतो, चांगला मिनिटभर.

"थांबव," डेंटिस्ट म्हणाला.

मी थांबवलं.

"बाबा," तो म्हणाला, "वकील नाहीये."

ताईनं डोळे मिटले.

"नाहीये म्हणजे?" बाबा म्हणाले. "त्यानं कबूल केलं आत्ता! तुमच्यासमोर!"

"करू दे. सातव्या भागात टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद सापडतं. इन्स्पेक्टर म्हणतो, हे खुन्यानंच खाल्लं. ते जवळून दाखवलंय. पुढच्या वरच्या दोन दातांत फट आहे आणि डावा दात आत वळलेला आहे. आणि हा बघा." त्यानं पडद्यावरच्या वकिलाच्या तोंडाजवळ बोट नेलं. "भिंतीवर फरशा लावाव्यात तसे सरळ. या तोंडानं तो चावा घेताच येत नाही."

"अहो, मालिका बनवणाऱ्यांनी सांगितलंय वकील!"

"त्यांचं चुकलंय."

"आणि माझं?"

डेंटिस्टनं ताईकडे बघितलं. पाठ केलेलं वाक्य त्याच्या चेहऱ्यापर्यंत आलेलं मला दिसलं. तिथून ते परत गेलं.

"तुमचंही," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"सातवा लाव."

लावला. सफरचंद आलं, थांबवलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीपुढे वाकले. मग त्यांनी वकील लावायला सांगितला. मग पुन्हा सफरचंद. असं चार वेळा झालं.

"फट आहे," शेवटी ते म्हणाले. ते परत येऊन बसले आणि कुणाकडेच न बघता बोलायला लागले. "लिफ्ट बंद असताना नादुरुस्त आहे म्हणणं सोपं असतं. कुणीही म्हणेल. पण चालू लिफ्ट, मालक खूश, आत माणसं हसतायत, आणि तेव्हा सांगायचं की बंद करा, दोर गेलाय. तीस वर्षांत माझ्या हाताखाली अकरा जण आले. एकानंही कधी सांगितलं नाही." मग त्यांनी मान वळवली. "अरे, मग कोण?"

'अरे' ऐकून ताईनं डोळे उघडले.

"माहीत नाही," डेंटिस्ट म्हणाला. "पुतण्याचे पुढचे दातच पडलेत, तो नाही. मोलकरणीची वरची कवळी आहे. डॉक्टर आणि माळी बघायला हवेत."

"माळी हसतो कुठे? एकतीस?"

"एकतीस, आणि चाळिसात जांभई देतो."

"जांभई चांगली," बाबा म्हणाले. ते खुर्चीच्या टोकावर आले होते. नुकतंच एकोणीस वर्षांचं बरोबर उत्तर हातचं गेलेला माणूस इतका ताजातवाना दिसणं बरं नव्हे, पण दिसत होता.

तेवढ्यात आई म्हणाली, "इन्स्पेक्टरचे दात कुणी बघितलेत का?"

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. आई 'आपलं' बघताना नेहमी भाजी निवडते. एकोणीस वर्षांत तिनं एकदाही कुणावर संशय घेतला नव्हता.

"नाही, मी आपलं विचारलं," ती म्हणाली. "बावन्न भागांत मेला एकदाही हसत नाही. का हसत नाही?"

डेंटिस्ट हळूच म्हणाला, "बोलतानाही वरचा ओठ उचलत नाही."

"तेविसावा!" बाबा ओरडले. "गोदामात जातो, धुळीत! शिंकतो! शिंकताना दिसतात का रे?"

"वरचे सगळे."

मी तेविसावा लावला. गोदामाचं दार उघडलं आणि धूळ उडाली. बाबांनी डेंटिस्टला दंडाला धरून टीव्हीपुढे ओढलं. "इथे बस, तिथून काय दिसणार तुला?" दोघं पडद्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले.

"बाबा," ताई मागून म्हणाली, "म्हणजे हो समजायचं ना?"

"हो, हो, हो. आता गप्प बस, तो शिंकणार आहे."