गिअरचा हात

उत्तमसिंगचा डावा हात दुखायला लागला, तेव्हा कारण शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. माणूस अर्धं आयुष्य महागाव-पुसद रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत होता आणि गिअर टाकतात डाव्या हातानं. त्याची जीपही अशी खवट, की तिसरा गिअर खांद्याचा जोर लावल्याशिवाय पडायचा नाही.

तरी स्टँडवर निदानं व्हायची ती झालीच. कुणी म्हणालं, खांदा जाम झाला, आधी साखर तपासून घे. कुणी म्हणालं, वात आहे, वांगी बंद कर. कुणी उशीला दोष दिला. तांड्यावर बायकोनं, रुपीबाईनं, मोहाचं तेल कोमट करून रोज खांदा चोळला आणि गुण येईना तेव्हा हट्टानं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं मानेचा फोटो काढला. मणक्यात झीज आहे, नस दबते, म्हणून खांद्यापासून अंगठ्यापर्यंत कळ येते आणि मुंग्या येतात, असं सांगितलं. गळ्याला पट्टा दिला, व्यायाम दिला. दुखण्याला नाव मिळालं आणि नाव मिळालं की माणूस निर्धास्त होतो. गळ्याचा पट्टा दोन दिवसांत खुंटीला गेला. "गिअरचा हात हाये, दुखनच," असं उत्तमसिंग हसत सांगू लागला.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. पुसदला बहिणीच्या सुनेला मुलगी झाली होती, तिला पाहायला रुपीबाई त्या दिवशी नवऱ्याच्याच जीपनं निघाली. पुढच्या सीटवर ती आणि तिच्या बाजूला खिडकीशी बबनराव. बबनराव सोयाबीनच्या भावावरून सगळ्या जगाला शिव्या देत होते. मागं माणसं कोंबून भरलेली. सकाळ गार होती. रुपीबाईनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला होता.

गाव सुटून थोडं पुढं गेल्यावर तिला इंजिनचा आवाज खटकला. रस्ता मोकळा होता, पण गाडी तिसऱ्या गिअरमध्येच गुरगुरत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा डावा हात मांडीवर पडला होता. उजव्या हातानं तो स्टिअरिंग धरून होता आणि त्याच्या कानामागून घामाची धार सदऱ्याच्या कॉलरात उतरत होती.

"काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"काई नाई. हात."

"एवढ्या थंडीत घाम काहून येऊन राह्यला तुमाले?"

"तेच हाये रुपे, मानेचं. तू चूप बस."

तिनं त्याच्यावरची नजर हटवली नाही. रोजचं दुखणं तिला माहीत होतं. मान वळवली की तो दात-ओठ खायचा, हात डोक्यावर ठेवला की त्याला बरं वाटायचं. तिनं त्याचा मांडीवरचा हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर नेऊन टेकवला. हात थंडगार होता, ओला होता.

"कमी झालं का?"

त्यानं मान हलवली. "तेवढंच हाये." मग थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसा म्हणाला, "जबडा बी धरून राह्यला."

"गाडी थांबवा."

"पॅसेंजर हायेत मांगं."

"मी म्हन्तो, थांबवा गाडी!"

तिचा आवाज असा चढला की मागची बडबड बंद पडली. उत्तमसिंगनं गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. दार उघडून खाली उतरला तो चार पावलं चालून तुरीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, ओकला. मग तिथंच खाली बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"गॅस हाये हा," बबनराव खाली उतरत म्हणाले. "वायू हातात शिरते कधी कधी. ओवा हाये का कोनापाशी?"

कुणीतरी ओवा काढलाही. पण ओवा तोंडात धरायचं भान उत्तमसिंगला नव्हतं. तो मुठीनं छातीचं हाड दाबत होता आणि "याडी... याडी..." असं पुटपुटत होता. शेवटच्या घटकेला आईला अशी हाक मारणारा माणूस रुपीबाईनं एकदा पाहिला होता, तिच्या सासऱ्याला. मागच्या एका पोरीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. जीप उभी होती, किल्ली लटकत होती, पण त्या सगळ्या माणसांत चारचाकी चालवता येणारा एकही नव्हता.

तेवढ्यात महागावच्या बाजूनं धूळ दिसली. दुसरी काळीपिवळी येत होती. काचेवरची निळी 'जय भीम' अक्षरं लांबूनच ओळखू आली. इंद्रजितची जीप.

उत्तमसिंगनंही ती ओळखली. होळीच्या वेळी गाडी भरायच्या नंबरावरून स्टँडवर दोघांचं वाजलं होतं आणि उत्तमसिंगनं सगळ्यांसमोर इंद्रजितच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून दोघं एका टपरीवर चहासुद्धा पीत नसत.

"त्याले हात दाखवू नको," तो दमत म्हणाला. "रुपे... आयक. त्याले नाई."

रुपीबाई उठली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं हातबित काही दाखवला नाही, नुसती उभी राहिली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग टायर घासले आणि जीप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मरतं का वहिनी?" इंद्रजित खिडकीतून ओरडला.

"मी नाई, ते मरून राह्यले," ती म्हणाली आणि धुऱ्याकडं बोट केलं.

इंद्रजितनं तिकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो क्षण रुपीबाईला फार लांब वाटला. हा आता गिअर टाकणार, बाजूनं गाडी काढून जाणार, आणि गेला तरी त्याला बोल लावता येणार नाही, हे तिला कळत होतं. मग त्यानं वळून आपल्या बाजूच्या दोघांना सांगितलं, "उतरा. खाली उतरा म्हन्तो ना!"

त्यानं आणि बबनरावांनी मिळून उत्तमसिंगला उचलून आत बसवलं. बबनराव म्हणाले, "मी इथं थांबतो गाडीपाशी, तुमी पळा." त्यांची ओव्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

इंद्रजितनं गाडी अशी हाणली की मागची माणसं एकमेकांवर पडली, पण कुणी तक्रार केली नाही. रुपीबाईनं नवऱ्याला छातीशी धरलं होतं.

"उतरव मले," उत्तमसिंग मध्येच म्हणाला.

"गप बस बे," इंद्रजित रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुह्या अंगात जीव आला का मंग भांडू."

पुढं अरुंद पुलावर कापसानं तट्ट भरलेला ट्रॅक्टर आणि समोरून आलेला ट्रक तोंडाला तोंड लावून उभे होते. दोघंही मागं हटायला तयार नव्हते. इंद्रजित उडी मारून पळाला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, हातवारे तेवढे दिसले. इकडं उत्तमसिंगची मान रुपीबाईच्या खांद्यावर जड झाली. "डोळे उघडा," ती म्हणाली. "सोनूचं नाव घ्या. आपल्या पोरीचं, सोनूचं नाव घ्या!" त्यानं ओठ हलवले. शेवटी ट्रक इंच इंच करत मागं सरकला.

पुसदच्या दवाखान्यात त्याला स्ट्रेचरवर आडवं करून आधी कार्डिओग्राम काढला. डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी पाहिली आणि चालता चालताच सिस्टरला इंजेक्शनचं नाव सांगितलं. "हार्ट अटॅक आहे. गाठ विरघळवायचं औषध देते आहे. वेळेत आणलंत."

"पन याईचं तर मानेचं होतं," रुपीबाई म्हणाली. "फोटोत दिसलं होतं."

"तेही खोटं नाही. मानेचंही आहे, हृदयाचंही आहे. हात एकच, म्हणून कळलं नाही." मग त्यांनी उत्तमसिंगला विचारलं, "याआधी चालताना, चढताना असं झालं होतं?"

उत्तमसिंगनं बायकोकडं पाहिलं, मग छताकडं. "परवा. पान्याचा ड्रम चढवतानी. बसलो, तं थांबलं."

रुपीबाईच्या तोंडाशी शिवी आली होती. तिनं ती गिळली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. इंद्रजितनं तिच्या हातात चहाचा कप दिला, सोनूला फोन लावून दिला आणि तो उठला. "माह्ये पॅसेंजर आन् तुमचे बी रस्त्यावर उभे हायेत वहिनी. जातो." तिला हात जोडायचे होते, पण हातात कप होता.

दुपारी उत्तमसिंगची कळ उतरली. संध्याकाळी नांदेडला नेऊन हृदयाची बंद नळी उघडायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये उत्तमसिंग एकाएकी कण्हला, "हात दुखते." रुपीबाई त्याच्यावर वाकली. "कसा? कसा दुखते?" त्यानं मान जरा इकडं वळवली, जरा तिकडं. "अंगठ्यात मुंग्या येऊन राह्यल्या." सोबतच्या सिस्टरनं मशीनकडं पाहून मान डोलावली, काही नाही म्हणून. रुपीबाई हसली आणि हसता हसता रडू लागली.

नांदेडला नळी उघडली. हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा दुबळा झाला होता. उत्तमसिंग पुन्हा गाडीवर बसला तो संक्रांत उलटून बऱ्याच दिवसांनी, तेही दिवसाला एकच फेरी, डॉक्टरांच्या परवानगीनं. इंद्रजितची आणि त्याची मैत्री वगैरे झाली नाही. स्टँडवर नंबरावरून अजूनही कुरबूर होते. फक्त एक दिवस इंद्रजित कोपर चोळत उभा होता, तर उत्तमसिंग आपली जीप सोडून त्याच्याकडं चालत गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हात डोक्यावर ठेवून पाह्य. दुखनं बदलते का तेवढंच राह्यते? सांग मले."