डावा पाय

ल्यू सरांनी हँडब्रेक खेचला, चौथा गिअर टाकला, किंचित रेस दिली आणि क्लचवरचा पाय हळूहळू उचलला. दोन सीटांची ती उघडी, हिरवी गाडी आचका देऊन थरथरली आणि तिचं इंजिन बंद पडलं.

“छान,” ते म्हणाले.

“बंद पडलं, त्यात छान काय?” पेट्रोलपंपाच्या सावलीत उभ्या असलेल्या क्वाय लाननी विचारलं.

“क्लच गेलेला असता तर इंजिन चालूच राहिलं असतं, वहिनी. हा पकडतोय.”

“गॅरेजवाला रझाली म्हणतो, प्लेट संपली. इंजिन खाली उतरवावं लागेल.”

मलेशियातल्या इपोहच्या तंत्रनिकेतनात उभी हयात सरांनी मुलांना हेच बजावलं होतं, की खात्री झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. त्यांनी बोटाने क्लचचं पेडल दाबून पाहिलं. मोकळी हालचाल हवी तेवढी होती. मग वर्तमानपत्र अंथरून ते गाडीखाली आडवे झाले. तेलाचा ठिपकासुद्धा नव्हता. उठताना त्यांचे गुडघे वाजले.

“उतरवायला तुमचंच इंजिन झालंय, मास्तर.”

गाडी योंग सेंगची, म्हणजे क्वाय लानच्या नवऱ्याची, सरांच्या जिवलग मित्राची. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. इंजिन उतरवायची वेळ आली तर गाडी विकून टाकीन, असा शब्द क्वाय लाननी सिंगापूरच्या मुलाला दिला होता, आणि मुलाने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. शब्द देऊन झाल्यावर त्यांनी सरांना फोन केला होता.

आधी सर स्वतः चालवायला बसले. चुनखडीच्या डोंगरांमधून वर जाणाऱ्या चढावर त्यांनी अॅक्सिलरेटर तळाशी दाबला. गाडी तक्रार न करता चढली.

“तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते,” क्वाय लान म्हणाल्या. “नाटकं सगळी माझ्याशी.”

“मग तुम्ही बसा. मी बघतो.”

डावीकडच्या सीटवर सर आजवर कधी बसले नव्हते. तरुणपणीच्या डोंगरशर्यतींत योंग सेंग चालवायचा आणि ती जागा क्वाय लानची असे. मांडीवर नकाशा, आणि पुढच्या वळणाची वर्दी तोंडाने. सर पायथ्याशी पाने-पकडी घेऊन थांबत आणि वरून येणाऱ्या आवाजावरून गाडी कितव्या वळणावर आहे ते ओळखत. बायकोला पाय टेकता यावेत म्हणून योंग सेंगने त्या सीटपुढे एक लाकडी पट्टी बसवली होती. ती तिच्या मापाची. सरांचे गुडघे पार छातीशी आले.

चढ लागला. इंजिनाचा आवाज वाढला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर सरकला, वेग मात्र होता तिथेच राहिला. जळका वास आला.

“आला वास? आता ऐका, कशी भुंकतेय.”

सर ऐकत नव्हते. ते क्वाय लानचा डावा पाय बघत होते. गिअर बदलून झाला तरी तो पेडलवरून उतरला नव्हता. पुढे वळण दिसलं की बोटं नकळत दाबली जात, वळण सरलं की सैल पडत. सरांनी मान वाकवून स्वतःच्या बुटांखाली पाहिलं. लाकडी पट्टीला डाव्या अंगाला एक खळगा पडला होता, टाचेएवढा, गुळगुळीत. आणि त्यांना योंग सेंगचा आवाज आठवला. प्रत्येक शर्यतीनंतर तो हसत सांगायचा, “ही तिकडे लाकूड दाबत बसते. मी ओरडतो, अगं, ब्रेक इकडे आहे.”

“बाजूला घ्या,” सर म्हणाले.

शहाळेवाल्याच्या टपरीपाशी गाडी थांबली. क्वाय लाननी स्टिअरिंगचं चाक सोडलं नाही.

“सांगून टाका, मास्तर. उतरवावं लागेल ना?”

“नाही. प्लेट थोडी झिजलीय, पण पुष्कळ टिकेल. तुमचा पाय क्लचवर असतो, वहिनी. सतत. त्याला टेकायला जागा हवी आहे.”

त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. क्वाय लाननी वाकून त्या खळग्याकडे पाहिलं.

“क्लचशेजारी जागा अरुंद आहे,” सर म्हणाले. “पट्टी कापावी लागेल. योंग सेंगच्या हातची आहे, म्हणून विचारतो.”

क्वाय लाननी टपरीवरून आलेल्या शहाळ्यातली नळी फिरवली. समोरून एक लॉरी वर गेली, तिचा आवाज वळणाआड विरला.

“कापा.”

सरांनी हत्यारांच्या पिशवीतून करवत काढली, खळगा असलेला तुकडा तेवढा राखून पट्टी कापली, कडा कानशीने घासून बोथट केल्या आणि क्लचच्या डाव्या बाजूला तो घट्ट बसवला. क्वाय लाननी पाय ठेवून पाहिला. खळगा टाचेखाली आला. त्यांनी चावी फिरवली.

या खेपेला चढावर आवाज आणि वेग बरोबरीने वाढले. वास आला नाही. मुलाने पाहून ठेवलेल्या गिऱ्हाइकाचा विषय दोघांनीही काढला नाही. वारा सरांच्या विरळ केसांतून जात होता. उरलेला लाकडाचा तुकडा त्यांनी मांडीवर धरला होता. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले आणि त्यांच्या मधलं ते आखूड वळण अचानक पुढ्यात उभं राहिलं. सरांचा पाय आपोआप पुढे गेला आणि उघड्या पत्र्यावर दाबला गेला.

“मास्तर,” रस्त्यावरची नजर न काढता क्वाय लान म्हणाल्या, “ब्रेक इकडे आहे.”