बारा नंबरचे बाबा

"सिस्टर, बारा नंबरच्या बाबांना पाणी दिलं हं मी," चौथी नर्स म्हणून आज नव्यानेच पाठवलेली मुलगी म्हणाली, आणि थोरल्या सिस्टरच्या हातातलं थर्मामीटर पडता पडता राहिलं.

बारा नंबरची खाट नऊ दिवसांपासून रिकामी होती.

या वॉर्डात रोज सकाळी एक तक्ता भरावा लागे. कुणाचं किती करावं लागतं, त्याला एक ते चार आकडा द्यायचा. बेरीज पन्नासच्या वर गेली तर चौथी नर्स, नाहीतर तिघींनीच ओढायचं. ज्यानं हा नियम काढला त्यानं जन्मात कुणाला बेडपॅन दिलं नसणार! नऊ दिवसांपूर्वी सात नंबरच्या आजींचा श्वास अडकला आणि तिघीही तिकडे धावल्या. बाराचे बाबा बेल दाबत राहिले. थोरल्या सिस्टर पोचल्या तेव्हा बेल बाबांच्या मुठीत होती, आणि सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तक्त्यातली बाबांची ओळ खोडायला थोरल्या सिस्टरचा हातच धजेना. त्यांनी पुढे चार लिहिलं. बेरीज एक्कावन्न झाली, चौथी नर्स आली, त्या दिवशी कुणी ओल्या चादरीत पडून राहिलं नाही. मग काय, रोजचंच झालं ते.

"कुठल्या बाबांना पाणी दिलंस?"

"अहो, असं काय करता? बाराच्या! तुम्हीच चार लिहिलंय ना? कूसही बदलली त्यांची. फार गोड आहेत. सारखं विचारतात, थोरल्या सिस्टर मोकळ्या झाल्या का?"

एवढ्यात दारातून मेट्रनबाई आत आल्या.

"मोजायला आलेय. या वॉर्डात कागदावर पेशंट जास्त आणि खाटांवर कमी, असं कुणीतरी वर कळवलंय."

नोकरी जाईल ती जाईल. पण उद्यापासून पुन्हा तिघीच, आणि सातच्या आजींपाशी सतत कुणीतरी लागायचं. दुसऱ्या बेलच्या वेळी कुठे धावायचं, सांगा ना!

मेट्रनबाई बोट दाखवत मोजत चालल्या. दहा. अकरा. बाराशी थांबल्या. भर दुपारचं ऊन त्या सपाट, पांढऱ्या चादरीवर पडलं होतं.

"झोपलेत," त्या हळूच म्हणाल्या. "उठवू नका." आणि पुढे गेल्या. शेवटच्या खाटेपाशी त्यांनी कागदावर सही केली. "बावीस. बरोबर आहे की! लोकांना काय, जिभेला हाड नसतं."

त्या गेल्या. सुटलो म्हणावं तर थोरल्या सिस्टरच्या अंगावर काटा उभा राहिला होता. इतके दिवस त्या बाराला वळसा घालूनच जात. शरमच वाटायची.

"जा ना तुम्ही बाबांपाशी," नवी मुलगी म्हणाली. "आजींपाशी मी बसते."

त्या गेल्या. उशीला मधोमध खळगा पडला होता. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"आले हं, बाबा," त्या म्हणाल्या. "फार उशीर केला मी."

चादरीवर हात ठेवला. चादर उबदार होती. त्या तशाच बसून राहिल्या, आणि कितीतरी वेळ वॉर्डात कुणीही बेल दाबली नाही.