माझ्या टाकीतलं पाणी

मी बुद्धभूषण मेश्राम. रेल्वेच्या डिझेल शेडमधल्या, इंजिनाचं तेल तपासणाऱ्या लॅबमधून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण हुद्दा काही अंगातून गेला नाही. गोदावरी, म्हणजे माझी बायको, चहा देते तर मी आधी कप उजेडात धरून पाहतो. ती म्हणते, प्या आता, इंजिनात नाही टाकाचा.

रायपुरात समता कॉलोनीजवळच्या पेट्रोलपंपावर तर मी विनापगारी प्रोफेसरच होतो. तिथं पाटी आहे, पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल. बाजूच्या मशिनीतलं पेट्रोल महाग, त्यात इंजिन साफ ठेवणारी दवाई जास्त टाकलेली असते म्हणे. मी रांगेत उभा राहून लोकाईले समजावून सांगे की इथेनॉल किती असावं, दवाई किती असावी याचे नियम असतात, ते डोळ्यानं दिसत नाही, त्याले जाणकार माणूस लागते. लोक हव भैया, हव भैया करत पुढं सरकत. मी त्याले आदर समजत होतो.

त्या रविवारी मी नेहमीसारखी स्कूटर पाइपानं धुतली. बावीस वर्षांची स्कूटर आहे, पण मी तिले विहारात अशी नेतो की जशी कालच शोरूममधून काढली. पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली, वंदनेले निघालो, आणि चौकात ती दोन आचके देऊन जागीच बसली. आदल्याच संध्याकाळी पेट्रोल भरलं होतं. मंग काय, माझ्यातला लॅबवाला जागा झाला. डिक्कीत मी काचेची बाटली ठेवतोच. टाकीची नळी काढून बाटलीत धार सोडली. वर पेट्रोल, आणि खाली चांगला चार बोटं गढूळ थर.

मी स्कूटर ढकलत पंपावर आणली. ड्युटीवर चेतना होती, आदल्या दिवशी तिनंच भरलं होतं. चेतना आमच्याच विहारातली. नवरा दोन वर्षांआधी गेला, एक पोरगी आहे, अन् पंपाच्या पगारावर घर चालते. हे सारं मले माहीत होतं. तरी मी गर्दीसमोर बाटली उंच धरली.

ती शांतपणे म्हणाली, "काका, पंपाच्या नळीतून काढून देते, ते पाहा. टाकीतलं नका धरू."

आता खरं सांगतो. शेडमधे नवीन पोट्टे येत तर मी त्याईले पहिल्या दिवशी हेच शिकवत होतो. नमुना कसा दिसते ते मंग पाहू, आधी सांग तो कुठून घेतला. बत्तीस वर्षं शिकवलं. पण तेच पंपावरची बाई मले सांगून राहिली म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, मले नको शिकवू. अन् मोबाइल काढून व्हिडिओ केला. बाटली दाखवली, पंप दाखवला, चेतनाचा चेहरा दाखवला, अन् म्हटलं की पाहा, ह्या बाईनं काल मले पेट्रोलच्या भावात पाणी विकलं. आवाजही कसा काढला होता, जसा काही मी बातम्या देतो.

विहाराच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या रायपुरात फिरला. नागपूरहून साळ्याचा फोन आला, जिजाजी, छा गए. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी गोदावरी विहारातून आली ती तोंड पाडून. पंपाच्या सेठनं चेतनाले घरी बसवलं होतं. लोक पंपावर येऊन तिचेच व्हिडिओ काढून राहिले होते. मी म्हटलं, आता चूक केली तर भोगाच लागते. असं म्हणून मी पेपर वाचू लागलो.

गोदावरी स्वयंपाकघराची खिडकी आवरत होती. तिथूनच तिनं विचारलं, "अहो, हे रबर इथं महिनाभरापासून पडून आहे. तुमच्या स्कूटरच्या झाकणाचं ना? फेकू का?"

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. इथेनॉलनं ते रबर फुगलं होतं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण बसत नव्हतं, म्हणून मीच काढून ठेवलं होतं. नवीन आणू आणू म्हणत विसरलो. अन् त्या बिनरबराच्या झाकणावर मी दर रविवारी पाइपाची धार मारत होतो. घोटभर पाणी असतं तर पेट्रोलमधे मिसळून गेलं असतं, समजलंही नसतं. पण जास्त झालं की ते इथेनॉलले पेट्रोलमधून ओढते अन् दोघं मिळून तळाशी बसतात. कपभर पाण्याचा तांब्याभर थर होते. हे मले झोपेत विचारलं तरी सांगता येते. जागेपणी मात्र सुचलं नाही. मले स्वतःची अशी लाज वाटली की गोदावरीकडे पाहवेना.

तिले सारं सांगितलं. मंग म्हटलं, उद्या जाऊन येतो.

"व्हिडिओ उद्या टाकला होता का?" ती म्हणाली.

पंपावर गेलो. सेठनं माझ्यासमोर नळीतून कोऱ्या, कोरड्या भांड्यात पेट्रोल काढलं. स्वच्छ होतं. मी माफी मागितली तर तो म्हणे, माझी काय मागता, पेट्रोल साफ आहे हे मले तर माहीतच होतं. ज्यांना ते दाखवलं त्यांना हे दाखवा, मी चेतनाले उद्याच बोलावतो. त्याच्याशिवाय लोक तिच्या हातून पेट्रोल घेत नाही.

मंग तिच्या घरी. दोन खोल्या, दारात पाण्याचे डबे. चेतनानं जयभीम केला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी जेवढं घोकून नेलं होतं तेवढं बोललो. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "नोकरी दुसरी भेटंल, काका. पण तो व्हिडिओ ह्या पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर आला. घरी येऊन हिनं मले विचारलं, आई, तू खरंच टाकलं का पाणी?"

तिची पोरगी साक्षी, अकरा वर्षांची, पलंगावर बसून माझ्याकडे एकटक पाहत होती. बत्तीस वर्षांत कोण्या साहेबानं माझ्याकडे असं पाहिलं नाही. मी तिले म्हटलं, बेटा, तुझ्या आईची काही चूक नव्हती. मी आत्ताच व्हिडिओ बनवून साऱ्याईले पाठवतो. ती उठली, माझा मोबाइल घेतला अन् समोर धरला.

मी सुरू केलं. "काही तांत्रिक कारणांमुळे दिनांक..."

तिनं बंद केला. "अंकल, ये तो रिपोर्ट है।"

पुन्हा केला. "नमुना घेताना माझ्याकडून थोडी त्रुटी राहिली..."

पुन्हा बंद. "थोड़ी?"

पंपावर पन्नास लोकांसमोर बोलताना जीभ कशी सुरसुर चालत होती. आता एका पोट्टीसमोर अडकली. चेतना दाराकडे तोंड करून उभी होती. साक्षीनं तिसऱ्यांदा मोबाइल धरला.

मी म्हटलं, "पाणी माझ्याच टाकीत होतं, माझ्याच हातानं गेलं होतं. चेतनाबाईनं मले सांगितलं होतं की पंपाच्या नळीतून काढून पाहा. ती बरोबर होती. मले ते माहीत होतं. तरी मी ऐकलं नाही, कारण मले वाटलं, पंपावरच्या बाईले काय समजते."

साक्षीनं लगेच बंद नाही केला. आईकडे पाहत राहिली. चेतनानं पदरानं डोळे पुसले अन् आतल्या खोलीत गेली. मंग साक्षीनं मोबाइल माझ्या हातात दिला, अन् मी पाठवेपर्यंत बाजूलेच उभी राहिली.