जोडीचं शिंग

म्हैस मेली तरी भावांची वाटणी काही संपली नाही. एक शिंग थोरल्याच्या गोठ्यात टांगलं, दुसरं धाकट्याच्या. अंगणात मधोमध भिंत उभी राहून दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून भाऊ भावाशी चकार शब्द बोलला नव्हता. म्हातारी आपली सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. दोघंही पोटचेच, तक्रार करायची कुणाकडे?

अशात धनुष्यं करणारा एक कारागीर शिंगं शोधत दारात आला. थोरल्याकडचं शिंग त्यानं हातात घेतलं, त्याच्या बाहेरच्या वळणावरून अंगठा फिरवला आणि खूश झाला. लांब, रुंद, कुठं पीळ नाही.

"याचा जोडीदार कुठाय, आजी?"

"एकावर भागत नाही का?"

"छे. धनुष्याच्या दोन्ही हातांना, मुठीच्या वर नि खाली, एकाच जनावराचं शिंग लागतं. परकं लावलं तर एक हात जास्त वाकतो, एक कमी, आणि ओढता ओढता तोंडावर फुटतं. जोडी असेल तर न्यायला येतो, नाहीतर राहू दे."

म्हातारीनं त्याचं बोलणं धरूनच ठेवलं. ऊठसूट दोघांचं डोकं खाल्लं. निदान एका कामाला तरी दोघं एकत्र उभे राहतील, एवढीच तिची आशा. धाकटा लगेच हो म्हणाला. थोरला मात्र फणकारला, "माझ्या शिंगानं त्याचं भलं व्हायचं होय?" पण शेवटी वैतागून तोही म्हणाला, "ने बाई, काय ते ने."

कारागीर परत आला. थोरला भिंतीच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला. कारागीर अंगणाच्या तोंडाशी बसला. शिंग ओलं केलं की भेग दिसते, म्हणून म्हातारी तांब्यानं पाणी घालत अंगठ्यानं चोळत होती. धाकट्याचं शिंग खणखणीत निघालं. मग थोरल्याचं घेतलं. पाणी पडलं तसा बुडाजवळून चिखल ओघळला आणि म्हातारीच्या अंगठ्याखाली एक चीर आली. सरळ, बारीक. करवतीची. वरून माती लिंपून बुजवलेली.

तिनं थोरल्याकडे पाहिलं. तो दुसरीकडेच बघत होता.

कारागिराच्याही ते ध्यानात आलं होतं. तो तोंड उघडणार, तोच म्हातारीनं त्याचं मनगट दाबलं. "कीड लागली म्हणा," ती पुटपुटली. "पाया पडते."

कारागिरानं शिंग खाली ठेवलं. मग मोठ्यानं म्हणाला, "आतून कीड लागलीय. उपयोगाचं नाही." आणि पिशवी उचलून चालायला लागला.

धाकटा भिंतीला वळसा घालून थोरल्याजवळ आला.

"जाऊ दे, दादा. किडीपुढं कुणाचं काय चालतं? तुझा काय दोष त्यात."

हाच 'दादा' ऐकायला म्हातारीचा जीव दोन वर्षं आसुसला होता. आता ऐकला तो तिच्याच खोट्यापायी. थोरल्यानं मान वर केली नाही. म्हातारीनं अंगठ्याचा चिखल पदराला पुसला आणि तांब्यातलं उरलंसुरलं पाणी अंगणात ओतून दिलं.