रोटर कुणी काढला

माझ्या गाडीच्या इग्निशनला आजवर कुठल्या मेकॅनिकचा हात लागलेला नाही. पन्नास वर्षं मीच बघतोय. आणि आज, ऐन गानोत्सवाच्या सकाळी, बया ढिम्म हलेना! चॅपेलच्या गायनवृंदातले तीन खर्जवाले म्हातारे कोट चढवून आपापल्या दारात माझी वाट बघत असणार. मी त्यांना न्यायला गेलो नाही तर आमच्या गाण्याला खालचा सूरच नाही.

चारही प्लग काढले, तारेच्या ब्रशने घासले, फटी मोजून परत बसवले. वायरी पुसल्या. तरी ठिणगी नाही. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. आत रोटर नाही! चारही प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा तो अंगठ्याएवढा तुकडा गायब.

“एलिनेड! अगं, कुणीतरी रोटर लांबवला!”

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. “कुणी नाही. मी काढला.”

तिला ते शिकवलंही मीच होतं. तरुणपणी बंदरावर गाडी सोडताना आम्ही रोटर काढून खिशात टाकायचो. मग चोराने खुशाल डोकं आपटावं.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि नेमका आज?”

“चार दिवस सांगायचा धीर झाला नाही मला. मंगळवारी दुकानापाशी तू शेजारच्या बेटीबाईंच्या नातीला, लोरीला, उडवणार होतास, एमरिस. पोरगी सायकलसकट चरात पडली, म्हणून वाचली.”

“काहीतरीच! मंगळवारी रस्त्यावर चिटपाखरू दिसलं नाही मला.”

“तेच सांगतेय. तुला दिसलं नाही. मी शेजारी बसून किंचाळले, तर म्हणालास, ‘किंचाळतेस काय, गाणं म्हण!’”

मला आठवलं. ते वाक्य आठवलं, तिचं किंचाळणं आठवलं. पोरगी मात्र काही केल्या आठवेना.

एलिनेडने एप्रनच्या खिशातून रोटर काढून पुढे केला. “घे. गाडी तुझी आहे. पण मी बसणार नाही, आणि त्या तिघांनाही बसू देणार नाही.”

रोटर तिच्या तळहातावर तसाच राहिला. मी रिकाम्या डिस्ट्रिब्युटरवर झाकण ठेवलं आणि दोन्ही क्लिपा लावल्या.

“त्यांना फोन कर,” मी म्हणालो. “म्हणावं, पावणेदहाची बस आहे. मीही बसनेच येतोय.”